सायकल मागं बांधून निघताना

मराठवाड्यात सायकल गाडीवर लादून नेणं काही नवं नाही. एसटीच्या मागची शिडी चढून टपावर सायकल आडवी ठेवायची, कंडक्टरकडून तिचं लगेजचं तिकीट फाडून घ्यायचं आणि आपलं गाव आलं की "वर सायकल हाय" असं ओरडून गाडी थांबवून धरायची, हे केलेली माणसं लोहा, अहमदपूर, चाकूरकडं अजून भेटतात. काळी-पिवळी जीपच्या कॅरिअरवर तर पोती, पेट्या आणि सायकल एकाच दोरानं बांधलेली असायची. आता फरक एवढाच पडला आहे की सायकल गिअरची आहे, महागाची आहे आणि ती स्वतःच्या स्विफ्टवर किंवा वॅगनआरवर न्यायची आहे. या गाड्यांना ना शिडी, ना टप. छताचा पत्रा पातळ, मागच्या दरवाजाला मोठी काच, बंपर प्लास्टिकचा. दोन सायकलींचं तीस किलोचं ओझं टेकवायचं तरी कुठं, या प्रश्नातूनच सायकल रॅक नावाची वस्तू आली.

सायकल गाडीत घालून न्यायची तरी कशाला, असं घरचे विचारतातच. लातूरहून औशाचा किल्ला किंवा नांदेडहून विष्णुपुरीचं धरण गाठायला गाडी लागत नाही, घरातूनच पायडल मारत निघावं. पण सहस्रकुंड नांदेडपासून शंभरेक किलोमीटर. माहूरचा घाट चढायचा तर त्याच्या पायथ्यापर्यंत जाण्यातच सगळी ताकद संपते. उदगीरजवळचं हत्तीबेट, औसा तालुक्यातली खरोसा लेणी, येडशीजवळचं रामलिंगचं जंगल, या ठिकाणी पोरांना घेऊन जायचं आणि तिथल्या आतल्या रस्त्यांवर दोन तास सायकली फिरवायच्या, तर त्या गाडीतूनच न्याव्या लागतात. शिवाय ब्रेव्हेचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीचं, वेड लागलेले लोक आहेत. ऑडॅक्स इंडिया रँडोनर्सच्या २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात आणि ती पहाटे अंधारातच सुटते. पुणे, सोलापूर किंवा हैदराबादला त्या वेळी हजर राहायचं, तर आदल्या दिवशी सायकलीसकट मुक्कामी पोचणं भाग आहे.

रॅक विकणारा जे सांगणार नाही ते आधी सांगून टाकतो: एकच सायकल न्यायची असेल आणि गाडीत दोघंच असाल, तर रॅक घेऊ नका. मागची सीट पाडा, पुढचं चाक काढा, सतरंजी किंवा जुनी चादर अंथरा आणि सायकल आत सरकवा. चेन आणि गिअरची बाजू वर राहिली पाहिजे, खाली गेली की गिअरचा हँगर वाकतो आणि सीटला ग्रीस लागतं ते वेगळंच. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नका, आतले पॅड एकमेकांना चिकटतात. पॅडच्या फटीत पुठ्ठ्याचा जाड तुकडा घालून ठेवला की चिंता मिटते. वॅगनआरचा मागचा दरवाजा उंच आणि चौकोनी आहे, तिच्यात हे काम फार सोपं जातं. डिझायरसारख्या सेडानची पंचाईत होते, कारण तिची मागची सीट पडत नाही आणि डिकीचं तोंड बुटकं. पुण्याला एकटंच जायचं असेल तर रात्रीची ट्रॅव्हल्सही आहेच. डिकीत सायकल टाकायचे पैसे आधी ठरवा, आणि ती सुटकेसच्या ढिगाखाली नाही, ढिगावर ठेवायला लावा. बसमध्ये चढण्याआधी डिकीचं दार आपल्यासमोर लागलेलं बघा.

खरा प्रश्न दोन-तीन सायकली आणि चार माणसांचा आहे. तिथं रॅक लागतो.

रॅक कुठं बसतो यावरून त्याची जात ठरते. छतावरचा, मागच्या दरवाजावर पट्ट्यांनी बांधायचा, मागच्या स्टेपनीवर बसणारा, आणि गाडीखालच्या टो-बारमध्ये खोचायचा. या शेवटच्याला परदेशात मोठा मान आहे, पण आपल्याकडच्या छोट्या गाड्यांना टो-बार येतच नाही, तेव्हा तो विषय इथंच सोडू. काचेला किंवा पत्र्याला हवा काढून चिकटणारे रबरी कपांचे रॅकही मिळतात. त्यांची पकड पृष्ठभाग किती स्वच्छ आहे यावर ठरते, आणि आपल्याकडं फेब्रुवारी ते जून गाडी धुतल्यावर तासाभरात तिच्यावर धुळीचा थर बसतो. माझं मत विचाराल तर आपल्या भागात त्याच्या वाटेला जाऊ नये.

छतावरच्या रॅकवर सायकल सर्वांत सुरक्षित उभी राहते, मागचं सगळं स्वच्छ दिसतं, नंबर प्लेट झाकत नाही, डिकीही उघडते. पण त्याला आधी दोन आडव्या दांड्या लागतात आणि त्या दांड्यांना धरायला छतावर खरीखुरी जागा लागते. जुन्या जीप, ट्रॅक्स, ॲम्बॅसडर यांच्या छताच्या कडेनं पावसाच्या पाण्याची पन्हाळ असायची, कॅरिअर तिलाच आवळला जायचा. आताच्या बहुतेक गाड्यांना ती नाही. छतावर चंदेरी रेल दिसतात, पण कित्येक मॉडेलांत त्या नुसत्या शोभेच्या असतात. गाडीच्या माहितीपुस्तकात छतावर किती किलो चालतील ते बघा. आकडा दिलेलाच नसेल तर चालत नाही असं समजा, आणि दिलेला असेल तर त्यात दांड्यांचं वजनही धरलेलं असतं हे विसरू नका. शिवाय पंधरा किलोची सायकल डोक्याच्या वर उचलून खाचेत बसवायची आहे. घरात उंच माणूस एकच असेल तर सगळ्या सायकली तोच चढवणार आणि तोच उतरवणार.

उंचीचा धोका वेगळा. स्विफ्ट दीड मीटरच्या आसपास उंच, तिच्यावर उभी सायकल म्हणजे नऊ फुटांच्या जवळ. रस्त्यावर आपण गाडीच्या उंचीचा विचार कधी करत नाही. बाभळीची आडवी आलेली फांदी, लग्नाचा मांडव, पार्किंगच्या तोंडाशी लावलेला लोखंडी आडवा बार, घरच्याच पोर्चचा स्लॅब, सायकल मोडायला यांपैकी काहीही चालेल. छतावरच्या सायकलींचा घात बहुतेक वेळा प्रवासात होत नाही, घरी पोचल्यावर दमलेला माणूस सरळ पोर्चमध्ये गाडी घालतो तेव्हा होतो. वाराही आहेच. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० वरून ९० वर गेलात तर वेग दीडपट होतो, पण सायकलीवरचा जोर सव्वादोनपट होतो.

बोलेरो, थार, जिम्नी किंवा जुनी इकोस्पोर्ट असेल तर निवड सोपी आहे. स्टेपनी मागच्या दरवाजावरच आहे, तिच्यावर आवळून बसणारे रॅक मिळतात. आधार लोखंडी रिमचा असल्यानं पत्र्याला धक्का लागत नाही. लक्ष ठेवायचं ते बिजागरीवर. स्टेपनीचं वजन त्या दरवाजावर आधीच असतं, त्यात दोन सायकलींची भर पडते. दरवाजा उघडताना हलकासा उचलून धरावा लागत असेल, म्हणजे बिजागऱ्या झिजल्या असतील, तर आधी त्या बदलून घ्या.

उरला तो मागच्या दरवाजावर पट्ट्यांनी बांधायचा छोटा रॅक. नांदेड-लातूरच्या बहुतेक घरांतल्या गाड्यांना हाच जमतो. काम झालं की घडी घालून डिकीत किंवा माळ्यावर टाकता येतो, एका गाडीवरून सोडून मेव्हण्याच्या गाडीवर लावता येतो, आणि छताच्या सगळ्या सरंजामापेक्षा खूप स्वस्त पडतो. पुढचं सगळं लिहिणं त्याच्याबद्दल आहे.

हा रॅक दिसायला अगदी साधा. नळीचा किंवा जाड प्लास्टिकचा सांगाडा, त्यातून मागं निघालेले दोन हात, दरवाजावर टेकणाऱ्या रबरी गाद्या आणि हूक लावलेले सहा पट्टे. यात ओझं नेमकं कोण उचलतं ते समजून घेतलं तर बांधताना चुका होत नाहीत. पाण्यानं भरलेली घागर कडेवर घेतली तर जाणवत नाही, तीच हात लांब करून धरली तर खांदा भरून येतो. सायकलींचं तसंच आहे. मध्यम वजनाच्या दोन गिअरच्या सायकली म्हणजे ३० किलो. त्या दरवाजापासून सुमारे ४० सेंटिमीटर मागं लटकतात. वरचा हूक आणि खालची गादी यांच्यातलं उभं अंतर ५० सेंटिमीटर धरा. मग वरच्या पट्ट्यांना मागं खेचणारा जोर झाला ३० गुणिले ४० भागिले ५०, म्हणजे २४ किलोंचा. सरळ खाली ओढणारे ३० किलो त्याशिवाय. खालची गादीही तेवढ्याच २४ किलोंनी बंपरला किंवा पत्र्याला दाबते. हा हिशोब गाडी उभी असतानाचा झाला. गतिरोधकावरून चाक आदळलं की हेच आकडे क्षणभर दुप्पट होतात.

यातून दोन गोष्टी निघतात. वरचा हूक आणि खालची गादी यांच्यातलं अंतर जितकं जास्त तितका पट्ट्यांवरचा ताण कमी. हेच अंतर २५ सेंटिमीटरच ठेवलं तर मघाचे २४ किलो ४८ होतात. म्हणून रॅकचे पाय होतील तेवढे फाकवून लावायचे. दुसरं, जड सायकल नेहमी गाडीला लागून, हलकी तिच्या मागं. पोराची छोटी सायकल आधी चढवली आणि बाबांची जड सायकल शेवटी टोकाला लटकवली, तर वजन तेवढंच राहूनही रॅकवरचा भार वाढतो. तिसऱ्या सायकलीचा मोह होतो, कारण हातांवर तिसरी खाच असते. छोट्या हॅचबॅकवर ती खाच रिकामी ठेवलेली बरी.

पट्ट्यांची कामंही वाटून दिलेली आहेत. वरचे दोन पट्टे ओझं उचलतात. खालचे दोन ओझं उचलत नाहीत, रॅकचा पाय वर उसळू देत नाहीत. बाजूचे दोन डावीउजवीकडं झोकांडी थांबवतात. "चार पट्ट्यांवर चांगला घट्ट बसलाय की" असं म्हणून बाजूचे पट्टे पिशवीतच ठेवणारे लोक दिसतात. उभ्या गाडीत तो घट्ट वाटतोच. पहिल्या वळणावर सायकली हळूहळू झुलायला लागतात, प्रत्येक झोक्याला गादी रंगावर घासते आणि वरचा पट्टा कणाकणानं सैल होत जातो.

आता खरेदी. रॅक बघायला जायच्या आधी गाडीच्या मागं जाऊन उभं राहा. मागचा दरवाजा उघडा आणि त्याच्या वरच्या कडेवरून बोट फिरवा. तिथं पत्रा लागतो की काच? की वर प्लास्टिकचा स्पॉयलर बसवला आहे? हूक पत्र्याच्या कडेतच अडकला पाहिजे. काचेच्या कडेला लावलेला हूक काच फोडतो, स्पॉयलरला लावलेला स्पॉयलर तोडतो. स्पॉयलर मोठा असेल तर त्याला वळसा घालून पट्टा खाली आणणारे उंच कमानीचे रॅक असतात, ते बघा, नाहीतर स्टेपनीच्या गाडीवाला मित्र शोधा. दरवाजा आणि छत यांच्यातली फटही बघून घ्या. हूकवर रबराचं आवरण असतं, तो अडकवल्यावर दरवाजा नीट लागला पाहिजे. दोन-तीनदा आपटून लावावा लागत असेल तर बिजागरी आणि पावसाचं रबर दोन्ही जाणार. डिझायर, अमेझ यांसारख्या सेडानचा मागचा घाट या कामाला मात्र उत्तम. काचेच्या खाली डिकीच्या झाकणाला पत्र्याची सरळ, जाड कड असते. आत सायकल घालताना पंचाईत करणारी तीच गाडी इथं पास होते.

रॅकबरोबर कोणत्या गाडीला तो बसतो याची यादी येते. थुलेसारखे रॅक स्वीडनचे. १९४२ साली एरिक थुलिन यांनी सुरू केलेली ही कंपनी. त्यांच्या याद्या तिकडच्या गाड्यांना समोर ठेवून केलेल्या असतात, आपल्याकडं खपणाऱ्या गाड्या त्यांत सापडतीलच असं नाही. नाव सापडलं तरी मॉडेलचं वर्ष बघा, कारण एकाच नावाच्या गाडीचा मागचा दरवाजा चार-पाच वर्षांत पार बदलतो. सगळ्यांत खात्रीचं म्हणजे दुकानदाराला रॅक आपल्या गाडीवर लावून दाखवायला सांगणं. ऑनलाइन मागवत असाल तर परत घेण्याची अट वाचून मगच पैसे भरा.

गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून एक इंची चौकोनी पाइपचा रॅक बनवून घ्यायचा विचार सगळ्यांच्या मनात येतो. मराठवाड्यातला कुठलाही चांगला फॅब्रिकेटर तो दोन तासांत करून देईल, शंकाच नाही. पण स्वतःच दहा-बारा किलोचा असलेला रॅक पातळ पत्र्यावर टांगण्यात अर्थ नाही, आणि वेल्डिंगच्या सांध्याला रोजच्या थरथरीनं पडणारी बारीक चीर रंगाखाली दिसत नाही. बोलेरोच्या किंवा पिकअपच्या लोखंडी अंगावर, नट-बोल्टनं पक्का केलेला असेल तर गोष्ट वेगळी.

रॅक हातात घेतल्यावर आणखी तीन-चार गोष्टी बघायच्या. हातांचं आपसातलं अंतर आपल्या सायकलीच्या आडव्या दांडीला पुरतं का? पोरांच्या २० इंची सायकलीची दांडी इतकी छोटी असते की कित्येक रॅकचे दोन्ही हात तिच्यात मावत नाहीत. लेडीज सायकलीला आडवी दांडी नसतेच. सीटच्या नळीपासून हँडलपर्यंत लावायची एक खोटी दांडी वेगळी मिळते, ती घ्यावी लागते. सायकलीमागं किती किलो चालतील ते रॅकवर लिहिलेलं असतं, सहसा १५ च्या आसपास. जुनी काळी रोडस्टर १८-२० किलोंची असते, तेव्हा आजोबांची अॅटलस या रॅकवर नको. इलेक्ट्रिक सायकल त्याहून जड, बॅटरी काढली तरी. कार्बनची फ्रेम असेल तर दांडीला आवळणारा रॅक टाळलेला बरा, कार्बनला आवळणं सोसत नाही. घडी घातल्यावर रॅक केवढा होतो तेही बघा. कमानीसारखे वक्र रॅक मजबूत असतात, पण त्यांची घडी सपाट होत नाही, माळ्यावर ते बरीच जागा खातात. सरळ नळ्यांचे रॅक पातळ घडीत येतात, त्यांचे कोन लावणाऱ्या चकत्या मात्र घट्ट असायला हव्यात. दुकानातच चकती लावून, हात टोकाला धरून जोरानं खाली दाबून बघा. एक दातही सरकला तर तो रॅक नको.

बांधायचं काम घाईचं नाही. पहिल्या वेळी आदल्या संध्याकाळी करा, पहाटे साडेचारला अंधारात नको. सुरुवात ओल्या फडक्यानं. मागचा दरवाजा आणि बंपर जिथं गाद्या टेकणार तिथं पुसून कोरडं करा. काळ्या मातीची धूळ वाळली की तिचे कण पॉलिश पेपरचं काम करतात, आणि गादीखाली अडकलेले असे कण शंभर किलोमीटरमध्ये रंगाचा थर उतरवतात. गादीच्या जागी पारदर्शक फिल्मचा तुकडा चिकटवून ठेवला तर आणखी चांगलं. मग पायांचे कोन लावा, हात आडव्यापेक्षा किंचित वर राहतील असे. आधी वरचे हूक, मग खालचे, मग बाजूचे. पट्टे आळीपाळीनं, डावा थोडा, उजवा थोडा, असे ओढत जा. एकच बाजू आधी पूर्ण ओढली तर रॅक तिरका बसतो आणि नंतर कितीही ओढा, सरळ होत नाही.

पट्ट्याचं बकल नीट समजून घ्या, सगळा जीव त्यात आहे. बकलच्या आत दात्यांची एक छोटी खिटी असते, तिच्यामागं स्प्रिंग. पट्टा ओढला की खिटी मागं होते आणि पट्टा सरकतो. हात सोडला की स्प्रिंग खिटीला पट्ट्यावर दाबते. ओझ्याचा ताण आला की दाते आणखी रुततात, म्हणून हे बकल ओझ्याखाली सुटत नाही. पण पट्टा उलट्या बाजूनं ओवला तर दाते पाठीमागच्या दिशेला पडतात आणि तो हळूहळू निसटतो. ओवून झाल्यावर ओझ्याच्या दिशेनं एक झटका देऊन बघा. कट-कट आवाज करणारे ट्रकचे रॅचेट पट्टे इथं वापरू नका. त्यांचा जोर इतका असतो की दरवाजाच्या पत्र्यावर पोचा पडल्यावरच कळतं. उरलेली शेपटं मोकळी सोडली तर ऐंशीच्या वेगात फडफडून सगळा रस्ताभर डोकं उठवतात, आणि एखादं चाकात गेलं तर काम तमाम. गुंडाळून रबर लावा, किंवा दरवाजाच्या आत घालून दरवाजा लावा.

सायकली चढवण्याआधी त्यांच्यावरचं सुटं सगळं काढा. पाण्याची बाटली, पंप, सीटखालची पिशवी, दिवा, मीटर. दोन सायकलींची हँडलं विरुद्ध दिशांना येतील अशा उलटसुलट चढवा. एकीचं पायडल दुसरीच्या चाकाच्या तारांत जात असेल तर पायडल काढा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर निघतं. हे ठाऊक नसल्यानं कित्येकांनी पान्यावर उभं राहून त्याचे आटे खराब केलेत. दांडी जिथं रॅकच्या हातावर टेकते आणि जिथं दोन सायकली एकमेकींना लागतात, तिथं सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. यासाठी जुन्या ट्यूबसारखं दुसरं काही नाही. मात्र सायकल धरून ठेवायला ट्यूब वापरू नका. ती ताणते, आणि ताणलेली वस्तू धक्क्याला आणखी ताणते. मग पुढची चाकं फिरू नयेत म्हणून ती फ्रेमला बांधा, आणि शेवटचा एक पट्टा दोन्ही सायकली व रॅक यांना एकत्र कवळून घाला. आता सायकल धरून जोरानं हलवा. सायकलीबरोबर गाडी डुलली तर बांधणं बरोबर. सायकल डुलली आणि गाडी नाही, तर पुन्हा पहिल्यापासून.

सायलेन्सर कुठं तोंड काढतो तेही वाकून बघा. टायर किंवा पट्ट्याचं टोक त्याच्या समोर आलं तर लातूरहून अहमदपूर येईपर्यंत रबर वितळलेलं असेल.

आता रुंदीचा विचार, जो बहुतेकांच्या डोक्यात येतच नाही. मोठ्या माणसाची सायकल टोकापासून टोकापर्यंत १७० ते १८० सेंटिमीटर लांब असते. वॅगनआरची रुंदी १६२ सेंटिमीटर, स्विफ्टची १७३.५. म्हणजे आडवी टांगलेली सायकल बहुधा गाडीच्या अंगाबाहेर डोकावणारच. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९४ (१अ) आहे. परवानगीपेक्षा जास्त सामान बाजूनं, पुढं, मागं किंवा उंचीला बाहेर आलं, तर वीस हजार रुपये दंड. ते प्रामुख्यानं उसाच्या आणि कडब्याच्या गाड्यांना लागू होताना दिसतं, पण कायद्याचे शब्द कुठल्याही मोटारीला लागतात. दंड बाजूला ठेवा, चौकात खेटून जाणाऱ्या दुचाकीवाल्याच्या गुडघ्याचा विचार करा. उपाय सोपा आहे: पुढचं चाक काढून गाडीत ठेवा. सायकल पाऊण-एक फुटानं तरी आखूड होते आणि हलकीही.

नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जाणं हा या रॅकचा खरा दोष. मागची प्लेट स्पष्ट दिसली पाहिजे हा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ चा दंडक आहे. पूर्वी लोक प्लेट काढून रॅकवर बांधायचे. आताची एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, एकदा लावली की न उघडणाऱ्या लॉकनं ठोकलेली असते, ती काढायचा प्रश्नच नाही. घरी छापून रॅकला लटकवलेली एमएच २४ किंवा एमएच २६ ची दुसरी पाटी ही एचएसआरपी नव्हे. त्यामुळं सायकली बांधल्यावर दहा पावलं मागं जाऊन बघायचं: प्लेट वाचता येते का, दोन्ही ब्रेकलाइट आणि इंडिकेटर दिसतात का. चाक काढल्यानं इथंही फायदा होतो, एका बाजूचा दिवा मोकळा राहतो. हात एक-दोन दात वर केले तर प्लेटही बहुधा सुटते. तरीही झाकलीच जात असेल, तर आरटीओत जाऊन विचारून घेणं आणि तोवर दुसरा मार्ग धरणं बरं.

निघाल्यावर पहिला थांबा दहा किलोमीटरच्या आत. नांदेडहून लातूरकडं निघालात तर विद्यापीठाच्या आसपास गाडी बाजूला घ्या आणि सहाही पट्टे ओढून बघा. ते सैल झालेले असतातच, कारण गाद्या दबतात, हूक आपल्या जागी बसतात. त्यानंतर लोह्याला चहा घेताना एकदा, पुढं अहमदपूरला एकदा. पावसाळ्यात जास्त वेळा. नायलॉनचा पट्टा भिजला की ताणतो.

गाडीला आता शेपूट आहे, हे डोक्यात ठेवून चालवा. ऐंशीच्या वर जायची गरज नाही. मागचं आरशात अर्धवट दिसतं, मागं घेताना सेन्सर सायकलीलाच अडथळा समजून कोकलत राहतो, म्हणून गाडी मागं घेताना एकानं उतरायचंच. ओव्हरटेक केल्यावर लगेच आत शिरू नका, मागं दोन-अडीच फूट आहेत. गतिरोधक हा आपल्या भागातला मोठा शत्रू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी २५ नं सुखानं ओलांडता येतो. गावच्या तोंडाशी लोकांनी रातोरात घातलेला गतिरोधक मात्र निम्म्याहून कमी रुंदीचा आणि उंचीला भारी असतो. तिथं चालण्याच्या वेगानं, आणि शक्यतो सरळ जा, तिरकं नाही. तिरकं गेलं की सगळा झोका एका बाजूच्या पट्ट्यावर येतो. ऊसतोडीचा हंगाम सुरू असताना लातूर भागात संध्याकाळनंतर हा प्रवास टाळावा असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. दोन ट्रॉल्या ओढणारा, मागं दिवा नसलेला ट्रॅक्टर अचानक समोर येतो, करकचून ब्रेक लागतो, आणि तुमच्या मागून येणाऱ्याला तुमचा ब्रेकलाइट सायकलीच्या चाकाआडून दिसत असतो.

वाटेत जेवायला थांबलात तर गाडी समोर दिसेल अशा टेबलावर बसा. पट्टा कापायला ब्लेड पुरतं. तारेचं लांब कुलूप दोन्ही सायकलींच्या फ्रेममधून, रॅकमधून आणि गाडीच्या टो-हूकमधून घालून ठेवलं तर उचलेगिरी तरी टळते. रात्रीच्या मुक्कामाला मात्र सायकली खोलीत.

परत आल्यावर रॅक गाडीवरच ठेवून हिंडू नका. रिकामा रॅकही मागच्याच्या डोळ्याच्या उंचीला येतो, आणि मराठवाड्याच्या उन्हात पट्टे फुकट भाजून निघतात. काढा, साध्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा. सायकलींच्या चेनही बघा. गाडीच्या मागं धुळीचा भोवरा सतत फिरत असतो, त्यामुळं मागं टांगलेल्या सायकलीची चेन चालवलेल्या सायकलीपेक्षा जास्त मळते. निघण्याआधी चेनवर जुनी पिशवी गुंडाळली असेल तर हे काम वाचतं. वर्षातून एकदा पट्टे हातात घेऊन ताणून बघा. रंग उडालेला, कडेचे धागे निघालेला, बोटाला खरखरीत लागणारा पट्टा उन्हानं मेलेला असतो, मग बकल कितीही चकचकीत असो. हूकवरचं रबर उडालं असेल तर तोही बदला, उघडं लोखंड पहिल्याच फेरीत रंग कापतं. नवे पट्टे मागवताना जुन्याची रुंदी मोजून मागवा: २५ मिलिमीटरच्या बकलात ३८ चा पट्टा शिरत नाही, आणि २० चा शिरला तरी खिटी त्याला नीट धरत नाही.